भांड्याच्या तळाशी राहिलेली विद्या



आज एका अशा विद्येची हकीकत सांगायची आहे, की जिचे काम तुमच्या घरात आणि शेतात रोज चालू असते, परंतु जिचे नाव फारसे कोणाच्या ओठी नसते. विहिरीवरून शिवारात पाणी नेणारा पाइप घ्या, ठिबकाची काळी नळी घ्या, न्हाणीतील बादली घ्या, खताचे पोते घ्या, पावसात डोक्यावरून घ्यायचा कागद घ्या. या सगळ्यांना आपण एकच शब्द लावतो : प्लास्टिक. आता कोणी विचारील, की लोहाराची विद्या लोहारशाळेत, सुताराची विद्या सुताराच्या हाताखाली शिकतात. मग या प्लास्टिकची विद्या शिकायची कोठे? तर तिच्याही शाळा आहेत, विद्यापीठांतून तिच्या पदव्या आहेत. शास्त्र म्हणून तिला पॉलिमर-विज्ञान म्हणतात आणि कारागिरी म्हणून प्लास्टिक-अभियांत्रिकी. परंतु ही विद्या विद्यापीठाच्या दारात सुखासुखी आलेली नाही. थोरामोठ्यांनी तिला दारातूनच परत पाठवले होते. ती आत कशी आली, हीच आजची गोष्ट.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की माणसाच्या हाताला हे पदार्थ फार जुने ठाऊक आहेत. आपला सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो. सुरीची मूठ लाखेने बसवतात. ती लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याने तयार केलेली राळच होय. कापूस, लोकर, रेशीम, कातडे, रबराचा चीक, हे सारे त्याच गोत्राचे पदार्थ. मात्र हात जे जाणतो, ते बुद्धीला कळलेच असते असे नाही.

चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ साली कच्चे रबर गंधकाबरोबर तापवले आणि उन्हात चिकट होणारे, थंडीत तडकणारे रबर कामाचे झाले. पुढे जॉन हायट याने १८६९ च्या सुमारास कापसातील सेल्युलोजपासून सेल्युलॉइड काढले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत महाग पडत होता, त्याला पर्याय हवा होता, म्हणून ही खटपट. नंतर विजेचे युग आले. तारांवर आवरण म्हणून लाख लागू लागली, आणि ती मुख्यत्वे हिंदुस्थानातून जात असे. किडे किती, लाख किती आणि मागणी किती! तेव्हा बेल्जियममधील एका चांभाराचा मुलगा, लिओ बेकलंड, अमेरिकेत जाऊन रसायनज्ञ झाला होता. तो लाखेला पर्याय शोधू लागला. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन द्रव्ये त्याने उष्णता आणि दाब देऊन एकत्र आणली आणि १९०७ साली त्यावर पेटंटचा अर्ज केला. तेच बेकेलाइट. विजेची जुनी काळी बटणे तुम्ही पाहिली असतील, ती याचीच.

म्हणजे पाहा, साठ-सत्तर वर्षांत तीन मोठे उद्योग उभे राहिले. अमेरिकेतील ॲक्रन हे गाव तर रबराच्या टायरांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले, आणि तेथील कॉलेजात १९०९ साली रबराच्या रसायनशास्त्राचा वर्गही निघाला. कारखाने होते, वर्ग होता, पेटंटे होती. परंतु रबर म्हणजे आतून आहे तरी काय, याचे खरे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते.

त्या काळच्या विद्वान रसायनज्ञांना स्वच्छ पदार्थ आवडत. ज्याचे खडे पडतात, जो उकळून पुन्हा थंड करून शुद्ध मिळतो, तो पदार्थ खानदानी. प्रयोग करताना काचपात्राच्या तळाशी पुष्कळदा एक चिकट लगदा उरे. तो ना उकळे, ना त्याचे खडे पडत. प्रयोग बिघडला असे म्हणून तो फेकून देत आणि पात्र घासायला टाकीत. या लगद्याच्या नादी लागणे म्हणजे आयुष्य फुकट घालवणे, असा समज होता.

हेर्मान श्टाउडिंगर नावाचा एक जर्मन प्राध्यापक या लगद्याच्या नादी लागला. त्याचा जन्म १८८१ चा. १९१२ पासून तो स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे शिकवत होता. चांगले नाव होते, चांगली जागा होती. १९२० साली त्याने एक निबंध छापला. त्यात त्याने म्हटले, की रबरासारखे पदार्थ हे हजारो लहान घटक एकमेकांना पक्के जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या आहेत.

यात एवढे काय, असे आज वाटेल. पण त्या वेळचे मत निराळे होते, आणि ते समजून घेण्यासाठी आपण आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. बुंदीचा लाडू दिसतो एक, परंतु तो असतो शेकडो बुंद्यांचा. पाकाने त्या एकत्र धरलेल्या. पाक निघाला की बुंदी मोकळी. रबर हे अशा लाडवासारखे आहे, लहान लहान रेणू कसल्याशा ओढीने एकत्र चिकटले आहेत, असे बहुतेक पंडित मानीत. श्टाउडिंगर म्हणाला, नाही. हा लाडू नव्हे, हा दोर आहे. विहिरीचा दोर कोठेही धरा, तो एकच असतो.

वाद तोंडाने मिटत नाही, प्रयोगाने मिटतो. त्याने युक्ती केली ती अशी. पंडितांच्या मते रबराच्या रेणूंत काही जोड अतृप्त होते, आणि ती अतृप्ती हाच लाडवातला पाक होता. ठीक आहे, तो म्हणाला, ते जोड आपण हायड्रोजन वायू देऊन तृप्त करू. पाक संपला की बुंदी सुटली पाहिजे. मग रबराचे पातळ तेल होईल आणि ते उकळून वाफेने वेगळे काढता येईल. १९२२ साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. रबराला हायड्रोजन दिला, जोड तृप्त झाले, आणि तरी पातळ तेल काही मिळाले नाही! पदार्थ पहिल्यासारखाच दाट, उकळून न निघणारा. लाडू फुटला नाही, कारण तो लाडू नव्हताच.

शिक्षक मित्रांनो, येथे जरा थांबून विचार करावा. या प्रयोगाला काही अजस्र यंत्र लागले नाही. समोरच्याचे म्हणणे खरे धरले तर काय झाले पाहिजे, हे नीट ठरवायचे आणि तसे होते का ते पाहायचे. ही रीत सातवीच्या वर्गातही शिकवता येते.

पण मंडळी ऐकणार कशी? हाइनरिख वीलांड हा मोठा रसायनज्ञ त्याचा स्नेही; त्यानेही सल्ला दिला, की बाबा रे, हा मोठ्या रेणूंचा नाद सोड; एवढे मोठे रेणू असतच नाहीत. १९२५ साली झुरिच सोडण्यापूर्वी रसायनज्ञांच्या सभेत त्याने व्याख्यान दिले, तेव्हा आक्षेपांचा वर्षाव झाला. १९२६ साली तो जर्मनीत फ्रायबुर्गला गेला आणि त्याच कामाला बसला. पदार्थाचा पातळ द्राव करून तो बारीक काचनळीतून किती वेळात वाहतो, हे मोजण्यात त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्षे घालवली. रव्याची खीर पळीतून चटकन पडते, शेवयांची खीर अडखळते. कारण शेवई लांब. तसेच साखळी जितकी लांब, तितका द्राव वाहायला जड. वाहण्याच्या वेळावरून लांबीचा अंदाज काढायचा, अशी ही साधी रीत.

त्याच्यावर आणखी एक संकट आले. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात श्टाउडिंगरने विषारी वायूंच्या वापराविरुद्ध आणि युद्धाविरुद्ध लिहिले होते. ते जुने प्रकरण उकरून काढून फ्रायबुर्ग विद्यापीठाचा तेव्हाचा प्रमुख, प्रसिद्ध तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर, याने सरकारकडे त्याच्याविरुद्ध कागद पाठवले. चौकशी झाली, नोकरी जाता जाता राहिली. असा हा माणूस. १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो ७२ वर्षांचा होता आणि त्या निबंधाला ३३ वर्षे होऊन गेली होती.

परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. श्टाउडिंगरचे सगळेच बरोबर नव्हते. साखळ्या काठीसारख्या ताठ असतात, असे तो हट्टाने म्हणत राहिला. दुसऱ्यांनी दाखवून दिले, की त्या दोऱ्यासारख्या लवचीक असतात, गुंततात, उलगडतात. म्हणूनच तर रबर ताणले जाते. मोठ्या प्रश्नात जो बरोबर, तोच लहान प्रश्नात चुकला. शास्त्रात असे होते आणि त्यात कमीपणा नाही.

ज्याने ही लवचीकता दाखवली त्याच्याकडे वळण्यापूर्वी, अमेरिकेतील एका तरुण शिक्षकाचे नाव घेतलेच पाहिजे. वॉलेस कॅरोदर्स हा हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत असे. १९२८ साली ड्यूपाँट या कंपनीने त्याला संशोधनासाठी बोलावले. त्याने विचार केला, की साखळी आहे की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा आपणच ती कडीला कडी जोडून बांधावी. पोरे हात धरून रांग करतात ना? ज्याला दोन हात आहेत तो दोघांना धरतो आणि रांग वाढत जाते. त्याने दोन टोकांना दोन हात असलेले रेणू घेतले. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडे. ते पाणी काढून टाकले की रांग आणखी लांबे. १९३० साली त्याच्या सहकाऱ्याने अशा पदार्थात कांडी बुडवून ओढली, तर रेशमासारखा तंतू निघाला! १९३५ च्या फेब्रुवारीत नायलॉन तयार झाले. पण कॅरोदर्सला त्याचे सुख लाभले नाही. मनाच्या आजाराने तो पुरता खचला होता. १९३७ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपवले. नायलॉनचे मोजे दुकानात आले ते १९४० साली.

आता तिसरा माणूस. हा मात्र खऱ्या अर्थाने या विद्येचा गुरुजी. हेरमान मार्क हा व्हिएन्नाचा. आधी जर्मनीतल्या कारखान्यात होता. वडील ज्यू असल्यामुळे तेथे पुढे निभाव लागणार नाही हे दिसताच १९३२ साली तो व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि तेथे त्याने पॉलिमरचा पद्धतशीर अभ्यासक्रम उभा केला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. मार्कला अटक झाली, सुटका झाली, परंतु पासपोर्ट काढून घेतला गेला. पैसे चारून त्याने तो परत मिळवला. देशाबाहेर संपत्ती नेण्यास बंदी होती. तेव्हा त्याने किमती प्लॅटिनमची तार विकत घेऊन तिचे कपडे टांगायचे हँगर केले, बायकोने त्यांना विणून खोळी घातल्या, आणि मोटारीवर बर्फात घसरण्याच्या फळ्या बांधून, जणू सहलीला निघालो, अशा थाटात हे कुटुंब सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला गेले. तेथून इंग्लंड, मग कॅनडा, आणि १९४० साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे पॉलिटेक्निक.

हँगरात दडवून प्लॅटिनम आणले खरे, पण त्याने आणलेले मोठे धन त्याच्या डोक्यात होते. ब्रुकलिनला त्याने वर्ग सुरू केले. शनिवारी सभा भरवी, तेथे कारखान्यांतले रसायनज्ञही येऊन बसत. १९४६ साली तेथे पॉलिमर संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. काचपात्राच्या तळाशी उरलेल्या लगद्याला अखेर विद्यापीठात बसायला पाट मिळाला.

हे झाले शास्त्र. पण पदार्थ कळला म्हणजे बादली झाली, असे नाही. म्हणून पुढची पायरी अभियांत्रिकीची. अमेरिकेतील लोवेल हे गाव कापडगिरण्यांचे. आपल्या मुंबई-सोलापूरसारखेच तेथेही गिरण्यांचे भोंगे वाजत आणि पुढे बंद पडत गेले. १८९५ साली तेथे कापडविद्येची शाळा निघाली होती. गिरण्यांचे दिवस फिरल्यावर त्याच संस्थेने १९५४ साली प्लास्टिक-अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. सुताच्या तंतूपासून कृत्रिम तंतूपर्यंतचा हा प्रवास. शाळेला टिकायचे असेल तर गावाचे कामधंदे कोठे चालले आहेत हे पाहावे लागते, हे यातून दिसते.

अशा वर्गात मुले शिकतात तरी काय? थोडक्यात सांगतो.

पहिले, प्लास्टिकच्या दोन जाती. एक मेणासारखी : तापवा, मऊ होते, निववा, घट्ट होते, पुन्हा तापवा, पुन्हा मऊ. पाइप, बादल्या, पोती या जातीची. दुसरी विटेसारखी : एकदा भाजली की भाजली, पुन्हा चिखल होत नाही. बेकेलाइट या जातीचे. कुकरची काळी मूठ वितळवून दुसरे काही करता येत नाही ते यामुळे.

दुसरे, घडवण्याच्या रीती. चकलीचा सोऱ्या प्रत्येक घरात आहे. पीठ दाबले की ताटलीच्या भोकाचा आकार घेऊन बाहेर येते. पाइप असाच निघतो. फक्त दाबणारा दट्ट्या नसून फिरणारा मळसूत्री दांडा असतो, आणि पीठ म्हणजे तापून मऊ झालेले प्लास्टिक. बादली, डबा, खुर्ची ही मोदकाच्या साच्याची रीत : बंद साच्यात दाबाने भरायचे, निववायचे, साचा उघडायचा. निववण्यात घाई झाली तर वस्तू वाकडी होते. कोठे किती जाडी, किती उष्णता, किती वेळ, हे सगळे गणिताने ठरते. त्या पोलादी साच्याची किंमत फार मोठी असते, म्हणून साचा करणारा कारागीर या धंद्यात मानाचा.

तिसरे, साखळीचा आकार. कडब्याच्या सरळ ताटांची पेंढी घट्ट बांधली जाते. बाभळीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळा, मध्ये पोकळी राहतेच. पॉलिथिनच्या साखळीला फांद्या असल्या तर मऊ पिशवी होते. इंग्लंडमध्ये १९३३ साली अपघाताने सापडले ते हे. साखळी सरळ असली तर कडक डबा होतो. ती रीत १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सिग्लरने काढली. पदार्थ तोच, बांधणी निराळी.

आणि चौथे, वस्तू खराब का होते. उन्हात ठेवलेली बादली काही वर्षांनी तडकते, कारण उन्हातील अतिनील किरण साखळ्या तोडतात. ठिबकाची नळी काळी असते ती शोभेसाठी नव्हे. तिच्यात बारीक काजळी घातलेली असते, ती ऊन अडवते. तेव्हा नळी घेताना रंगाकडे पाहून चालणार नाही, काजळी नीट मिसळली आहे की नाही हे महत्त्वाचे, आणि ते तपासणे हे या शिकलेल्या माणसाचे काम.

आपल्याकडे ही विद्या कशी आली? मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. तेथेही सुरुवात कापडाच्या रसायनापासूनच झाली. १९४३ पासून तो माटुंग्याला आहे. पुढे तेथे प्लास्टिकची शाखा निघाली, आणि आज ती पॉलिमर व पृष्ठभाग अभियांत्रिकीचा विभाग म्हणून चालते. पुण्याला १९५० च्या जानेवारीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तेथे पॉलिमरवर मोठे काम झाले. १९६८ साली मद्रासला केंद्र सरकारची प्लास्टिक अभियांत्रिकीची संस्था निघाली. सिपेट म्हणून ती ओळखली जाते. तिचे एक केंद्र मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे आहे. तेथे दहावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करता येतो, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या कानावर घालावी.

कोणी म्हणेल, ही शहरातल्या सुखवस्तू मुलांची विद्या. तसे नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म गोव्यातील माशेल गावी १९४३ सालचा. वडील लहानपणीच गेले. आईने मुंबईत कष्ट करून शिकवले. शाळेत त्यांच्या शिक्षकांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद पेटवून दाखवला, तो धडा ते पुष्कळदा सांगतात. त्याच माटुंग्याच्या विभागातून १९६६ साली ते पदवीधर झाले, १९६९ साली डॉक्टर झाले, पॉलिमरच्या शास्त्रात नाव मिळवले आणि १९८९ साली पुण्याच्या त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

आता शेवटचे बोलणे, आणि ते गोड नाही. साखळीचा जो गुण, तोच तिचा दोष. ती पक्की, म्हणून पाइप वर्षानुवर्षे टिकतो. आणि ती पक्की, म्हणून फेकलेली पिशवीही कुजत नाही. नाले तुंबतात, गाईच्या पोटात पिशव्यांचे गोळे निघतात, नांगराच्या फाळाला चिंध्या लागतात. महाराष्ट्रात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली. बंदी हवीच. परंतु शेतातला पाइप, दवाखान्यातली सलाइनची नळी यांचे काय करणार? त्यांना बंदी हे उत्तर नव्हे. कोणते वापरायचे, कोणते टाळायचे, कोणते पुन्हा वितळवायचे, आणि तुटून मातीत मिसळेल अशी साखळी कशी बांधायची, हे शोधावे लागेल. वस्तू जन्माला घालणाऱ्या विद्येने तिच्या मरणाचाही विचार केला पाहिजे. आज या अभ्यासक्रमात तो भाग आला आहे, आणि तोच सर्वांत अवघड आहे.

शंभर वर्षांपूर्वी भांड्याच्या तळाशी उरलेल्या लगद्याकडे पंडितांनी पाहिले नाही. एका शिक्षकाने पाहिले आणि विचारले, हे आहे तरी काय? आज आपल्या गावाच्या उकिरड्यावर तसाच एक ढीग पडला आहे आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही. उद्या तुमच्या वर्गातील एखादे पोर विचारील, की गुरुजी, हे कुजत का नाही? त्याला गप्प बसवू नका. त्याला सांगा, की बाळ, प्रश्न चांगला आहे. आणि याची शाळा आहे.